घडण ठरते ती गोठण्याच्या क्षणी

1839 साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी बेअरिंगच्या रचनेचे पेटंट घेतले. फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या या भागाच्या अस्तरासाठी त्यांनी कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू सुचवला होता. कारखान्यांत आजही तो ‘व्हाइट मेटल’ म्हणून ओळखला जातो. त्यातील मऊ कथिल धुळीचे कण पोटात घेते, तर कठीण स्फटिक भार पेलतात.

परंतु घटकांचे प्रमाण अचूक राखले म्हणजे बळ हमखास येते, असे नाही. हा रस थंड होताना प्रथम तांबे-कथिलाचे सुईसारखे स्फटिक जन्मतात. त्यांच्या जाळ्यात अँटिमनी-कथिलाचे हलके, घनाकृती स्फटिक अडकतात. जाळे नसेल, तर ते वर तरंगतात. शीतन मंद झाले, तर हे स्फटिक मोठे आणि ठिसूळ होतात आणि वारंवारच्या भाराखाली तेथूनच तडे जातात. शीतन जलद झाले, तर ते बारीक राहतात व सर्वत्र विखुरतात. म्हणूनच कुशल कारागीर पोलादी कवच मागील बाजूने थंड करतो. घनीभवन कवचापासून सुरू होते आणि आकुंचनाची पोकळी चिकटलेल्या सांध्यापासून दूर राहते.

शिसे आणि ॲल्युमिनियम यांचा प्रश्न अधिक अवघड होता. शिशाची घनता 11.3, ॲल्युमिनियमची 2.7 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. द्रवरूपातही ते एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. सावकाश थंड केल्यास शिसे तळाशी बसते. 1960 साली कॅलिफोर्नियात पॉल ड्युवेझ आणि सहकाऱ्यांनी धातुरस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने गोठवून नवी वाट उघडली.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत धातुविज्ञान विभाग 1945 साली सुरू झाला होता. तेथे कमानियो चट्टोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी शीघ्र घनीभवनाने ॲल्युमिनियमच्या पोटात शिशाचे नॅनोकण रुजवून त्यांच्या वितळण्याचा व गोठण्याचा अभ्यास केला. गतिमान तांब्याच्या चाकावर रस सोडला, की पातळ फीत मिळते. शिशाला तळ गाठण्यास अवधीच उरत नाही.

मात्र फीत म्हणजे बेअरिंग नव्हे. जाड ओतकामाच्या गाभ्यातून उष्णता तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. म्हणून मिश्रधातूच्या बळाचा आकडा वाचताना केवळ घटकांचे प्रमाण पाहून थांबू नये; नमुना किती जाड होता आणि किती वेगाने गोठला, हेही विचारावे.