कानामागचे यंत्र

ऑस्ट्रेलियातील कॅम्डन या लहानशा गावी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एका औषधविक्रेत्याचे दुकान होते. दुकानदारास ऐकू कमी येई. गिऱ्हाईक हलक्या आवाजात आपली नड सांगू लागले, की त्याला ‘जरा मोठ्याने बोला’ असे म्हणावे लागे आणि चारचौघांत सांगू नये ते साऱ्या दुकानाला ऐकू जाई. गिऱ्हाईक ओशाळे आणि दुकानदार त्याहून अधिक ओशाळे. हे पाहत वाढलेला त्या दुकानदाराचा मुलगा म्हणजे ग्रॅम क्लार्क. ज्याला आज आपण ‘कॉक्लिअर इम्प्लान्ट’ म्हणतो, त्या यंत्राच्या प्रमुख जनकांपैकी तो एक. बहिरेपणाचे अर्धे दुःख कानात असते आणि अर्धे चारचौघांत, हे तो दुकानातच शिकला होता. या यंत्राचा इतिहास वाचताना ही दुसरी बाजू बहुधा निसटून जाते.

विजेने ऐकू येईल का, हा प्रश्न जुना आहे. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने १८०० साली आपल्या नव्या विद्युतघटाला जोडलेल्या धातूच्या कांड्या स्वतःच्याच दोन्ही कानांत घातल्या. डोक्याला हादरा बसला आणि काहीतरी दाट पदार्थ रटरटत असल्यासारखा आवाज त्याला आला. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, २५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका माणसाच्या श्रवणतंतूशी विद्युततार जोडली. त्याला आवाजाची जाणीव होऊ लागली, सरावाने काही सोपे शब्दही ओळखता येऊ लागले. परंतु यंत्र लवकरच बिघडले, दुसरे बसविले तेही टिकले नाही आणि तो प्रयोग तेथेच थांबला.

त्या प्रयोगाची बातमी अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या डॉ. विल्यम हाउस यांच्यापर्यंत पोहोचविली ती एका रुग्णाने, वर्तमानपत्राच्या कात्रणातून. हाउस यांनी १९६१ साली पहिल्या शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा अनेक तज्ज्ञांनी त्यांना वेड्यात काढले. तिकडे मेलबर्नमध्ये क्लार्क यांना संशोधनासाठी पैसा मिळेना. अखेर एका दूरचित्रवाणी वाहिनीने लोकांकडून वर्गणी गोळा केली. कर्णशंखाच्या वळणात नाजूक तार कशी सरकवावी, हे कोडेही त्यांना १९७७ साली समुद्रकिनाऱ्यावर, एका शंखात गवताची पाती सरकवून पाहताना उलगडले. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी रॉड सॉन्डर्स या गृहस्थावर शस्त्रक्रिया केली. मोटार अपघातात सॉन्डर्स यांची श्रवणशक्ती गेली होती. चाचणीत राष्ट्रगीताची धून वाजविताच ते खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले, एवढी एक गोष्ट पुरे. याच सुमारास व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या दांपत्यानेही असेच यंत्र सिद्ध केले होते.

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. परंतु कर्णशंखातील रोमपेशीच नष्ट झाल्या असतील, तर मोठ्या आवाजाचाही उपयोग नसतो. या यंत्राचा आतला भाग थेट श्रवणतंतूला विजेचे सूक्ष्म संदेश देतो. बाहेरचा भाग कानामागे बसतो आणि त्याची चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. आतला भाग कोणास दिसत नाही, बाहेरचा सर्वांस दिसतो. शल्यविशारदांचा इतिहास आतल्या भागाचा आहे. माणसाचे रोजचे जिणे बाहेरच्या भागासह चालते.

अमेरिकेत १९९० साली दोन वर्षांवरील बालकांसाठी या यंत्रास मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी तेथील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने तिचा तीव्र निषेध केला. ऐकणाऱ्यांना हा कृतघ्नपणा वाटला. पण या रागाला शंभर वर्षांचा इतिहास होता. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने कर्णबधिर मुलांच्या हातांतील भाषा ओळखली आणि त्या भाषेत त्यांना शिकविले. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने मात्र बोलण्याची पद्धतच श्रेष्ठ ठरविली आणि अनेक देशांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. त्या परिषदेचे अध्यक्ष फादर ज्युलिओ तारा हेही धर्मगुरूच होते. ज्या झग्याने हात मोकळे केले, त्याच झग्याने ते बांधलेही, हे आपण मान्य केले पाहिजे. या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. ‘आम्हांला पुन्हा दुरुस्त करू पाहता काय?’ हा कर्णबधिरांचा प्रश्न त्या जखमेतून आला होता. २००० साली त्यांच्या संघटनेने आपली भूमिका सौम्य केली, तरी प्रश्न संपलेला नाही.

आपल्याकडेही या कार्याची सुरुवात जुनी आहे. मुंबईत १८८०च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिरांसाठी शाळा निघाली. ती देशातील पहिली मानली जाते. १९८३ साली वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. बालकांच्या आरोग्यतपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्या पालघरातूनच झाला. जन्मजात बहिरेपणा शोधणे हा त्याचाच एक भाग. सन २०१४ पासून केंद्र सरकारच्या योजनेत गरीब घरच्या बालकांसाठी हे यंत्र देण्याची सोय झाली. वेळ मात्र थांबत नाही. भाषा शिकण्याची पहिली काही वर्षे निघून गेली, की तेच यंत्र पुष्कळ कमी उपयोगाचे ठरते. ‘मुलगा उशिरा बोलेल, त्याचे वडीलही उशिराच बोलले’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा दिलासा अशा वेळी फार महाग पडतो.

यंत्र बसले म्हणजे बहिरेपण गेले, ही दुसरी गैरसमजूत. कर्णशंखात हजारो रोमपेशी असतात. त्यांचे काम बारा ते बावीस विद्युत्-टोकांनी करायचे असते. सुरुवातीला माणसांचे बोलणे यंत्रातून आल्यासारखे भासते. मेंदूला महिनोन्‌महिने ते शिकवावे लागते. शांत खोलीत नीट बोलणारी मुलगी लग्नाच्या मांडवात, बँडच्या कल्लोळात गोंधळते, आणि पाहणारे म्हणतात, ‘हिला हवे तेव्हा बरोबर ऐकू येते!’ आंघोळीला, झोपताना यंत्र काढले, की पुन्हा पूर्ण शांतता. पावसाळ्यात दमटपणाची धास्ती, विमानतळावर ओळखपत्र दाखविण्याची कटकट, घटांचा आणि तारांचा कायमचा खर्च. त्यात बसमधला शेजारी विचारतो, ‘हा नवीन मोबाइल आहे का?’ मुलगी वयात आली, की घरचेच केस मोकळे सोडायला सांगतात, म्हणजे चकती झाकली जाईल. चष्मा लपवायला कोणी सांगत नाही. आंधळ्याची आपल्याला दया येते. बहिरा मात्र आपल्या विनोदी नाटकांत हमखास हशा पिकविण्यासाठीच येत राहिला आहे. तो हशा अजून आपल्या कानांत आहे.

यासाठी वैद्यकशास्त्राची वाट पाहण्याचे कारण नाही. समोर उभे राहून, चेहऱ्यावर उजेड असताना, न ओरडता सावकाश बोलावे. चारजणांनी एकदम बोलू नये. प्रवचन छापील स्वरूपात हाती द्यावे. घुमणाऱ्या चर्चमध्ये लाउडस्पीकरचा आवाज वाढविल्याने त्याला अधिक ऐकू येत नाही, उलट शब्द बुजतात. आणि ज्याने यंत्र न घेता हातांची भाषा निवडली, त्याच्याशी बोलण्यापुरत्या चार खुणा आपणही शिकाव्यात.

कॅम्डनच्या त्या दुकानदाराच्या मुलाने उभे आयुष्य वेचून आतले यंत्र घडविले. पण गल्ल्यावर कागद आणि पेन्सिल ठेवून ‘येथे लिहून द्यावे’ अशी पाटी लावली असती, तर त्या दुकानातील बरेचसे ओशाळलेपण त्याच दिवशी टळले असते. आपल्या दुकानांत, शाळांत आणि चर्चच्या व्हरांड्यांत ती पाटी अजून लागायची आहे.