सक्तीची शाळा आणि राज्याची तिजोरी

बडोद्याच्या घडियाळी पोळेतून सकाळी दप्तरे घेऊन निघालेली मुले पाहिली, म्हणजे सयाजीराव महाराजांचे स्मरण होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव झाला, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलास अक्षरओळखही नव्हती. निरक्षरतेचे दुःख त्यांना पुस्तकातून कळले नव्हते.

१८९३ साली अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. परंतु कायदा लिहिणे सोपे. शिक्षकाचा पगार दरमहा देणे कठीण! १९११ साली नामदार गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात दाखवून दिले की, प्राथमिक शिक्षणावर ब्रिटिश हिंदुस्थानात दरडोई जेमतेम एक पेनी, तर बडोद्यात साडेसहा पेनी खर्च होतो. तरीही त्यांचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले.

तथापि पैसा ओतला की विद्या आलीच, असे नव्हे. शेतीच्या कामांमुळे मुले गैरहजर राहत; पालकांना दंड होत. शाळा सुटल्यावर शिकलेली अक्षरेही विसरत. म्हणून १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांस पाचारण करून महाराजांनी गावोगाव ग्रंथालये पोहोचविली.

२००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क देशातील प्रत्येक बालकास दिला. त्या हक्काचा कस मात्र आजही तिजोरीपाशीच लागतो: पैसा किती दिला, आणि तो मुलाच्या पाटीपर्यंत पोहोचला का?