परीक्षेतला ड्यूई आणि बाबासाहेबांचा ड्यूई

फिलिपिन्समध्ये १९९४ च्या कायद्याने शिक्षकाला परवाना-परीक्षा सक्तीची झाली. सरासरी ७५ गुण हवेत आणि एकाही पेपरात ५० च्या खाली जाता कामा नये. उमेदवार आधी सामान्यज्ञान घोकतो, मग शिक्षणाचे तत्त्वज्ञान. उजळणीत ते जोड्या जुळवण्यापुरते उरते: प्रगतिवाद म्हणजे जॉन ड्यूई. अनुभवातून शिकावे असे सांगणारा विचारवंत पाठांतराच्या रकान्यात जाऊन बसला!

या परीक्षेमागे जुना इतिहास आहे. १९०१ साली ‘थॉमस’ या अमेरिकन लष्करी जहाजातून सुमारे ५०० शिक्षक मनिलात उतरले. त्याच वर्षीच्या कायदा क्रमांक ७४ ने सरकारी शाळा आणि इंग्रजी माध्यम दोन्ही आणले. शाळेचे दार उघडले याचे मोल, घराण्यात पहिल्यांदा पदवी पाहिलेल्या आमच्यासारख्यांना सांगायला नको. पण आत काय शिकवायचे हे जेत्यांनीच ठरवले. रेनातो कॉन्स्तांतिनो यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या शिक्षणाला जिंकण्याचे हत्यार म्हटले, ते यामुळेच.

आणि ड्यूई? ते कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या, होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेब त्यांचे ऋण मान्य करतात. समाजाने सगळाच वारसा पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा नसतो, निवडून द्यायचा असतो, हा गुरूचा विचार त्यांनी थेट जातिव्यवस्थेवर रोखला. चार पर्यायांच्या प्रश्नात हा ड्यूई मावत नाही. आमच्या बी.एड.च्या वर्गातही तो दोन गुणांच्या टिपेपुरताच येतो. कोणता वारसा टाकायचा, हे तिथेही कोणी विचारत नाही.