लिंगोचं गाणं आणि शाळेचं रजिस्टर

पट घसरला, वर्ग रिकामे झाले, की जुन्या शाळेत आपल्या मुलखाचं लोकसंग्रहालय करावं, असं कुणीतरी सुचवतं. कल्पना आजची वाटते. पण नागपूर भागात शाळा आणि लोकधनाचा संग्रह यांचं कूळ एकच आहे, आणि ते 1846 पर्यंत मागे नेता येतं.

त्या वर्षी 22 ऑगस्टला लंडनच्या ‘अथेनियम’ साप्ताहिकात विल्यम थॉम्स यांनी टोपणनावाने पत्र लिहून ‘फोकलोअर’ हा शब्द सुचवला. त्याच वर्षी, काही महिने आधी, भोसल्यांच्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने शाळा उघडली होती. पुढे 1883 मध्ये निघालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्याचंच नाव मिळालं. हा माणूस शिकवायचा, धर्मप्रचार करायचा आणि उरलेल्या वेळात रानोमाळ हिंडून दगड, जीवाश्म आणि शब्द गोळा करायचा. गोंडी बोलीतले शब्द तर त्याने फार निगुतीने टिपले.

त्याच्या टिपणांतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे लिंगोचं गाणं. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडलं. त्यांना सोडवण्यासाठी त्यांचा पुराणपुरुष लिंगो महादेवाला गळ घालतो, तर महादेव त्याला एका अजस्र पक्ष्याची पिलं आणायला धाडतो. मग सुटका, देवांची स्थापना, कुळांची वाटणी. ही कथा लिहिलेली नव्हती. ती परधानांच्या गळ्यात होती. परधान म्हणजे गोंडांचे भाट. किकरी नावाचं तीन तारांचं वाद्य गजाने वाजवत यजमानाच्या दारी ते त्याच्याच कुळाची कथा गातात.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडाला. मागे राहिलेले कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 मध्ये छापले. मूळ गोंडी शब्द आणि शेजारी इंग्रजी अर्थ, असं ते गाणं त्यात आहे. हिस्लॉप गेला त्याच 1863 साली टेंपल यांच्या पुढाकाराने नागपूरचं संग्रहालय सुरू झालं. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय. लोकांनी त्याला अजब बंगला म्हटलं आणि आजही तेच म्हणतात.

1866 च्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, हिस्लॉप आणि टेंपल. गाणाऱ्याचं नाव तिथे नाही. संग्रहाच्या या पहिल्या पिढीचं हे मोठं उणं आहे.

भिवापूरसारख्या गावात एखाद्या जुन्या शाळेचं संग्रहालय व्हायचं तर हेच उणं भरून काढता येईल. भिवापूर नागपूर जिल्ह्याच्या टोकाला, झाडीपट्टीच्या उंबऱ्यावर. इथून पुढे नागभीड. दिवाळी सरली की या पट्ट्यात मंडई म्हणजे जत्रा भरते आणि दंडार हे लोकनाट्य रात्र रात्र चालतं. 1908 पासून नागपूर–नागभीड छोटी गाडी भिवापूरवरून धावायची. रूळ रुंद करण्यासाठी ती 2019 मध्ये थांबली. आणि मिरची तर आहेच, भौगोलिक मानांकन मिळालेली.

त्या मिरचीचा सातरा पाहावा. मोकळ्या जागेत लाल ढीग पसरलेले, भोवती बायका बसलेल्या, पदर नाकातोंडाला घट्ट गुंडाळलेला. एका हाताने मिरची उचलायची, दुसऱ्याने देठ खुडायचा. तिखटाने बोटांची आग होते, ठसका लागतो, तरी गप्पा थांबत नाहीत. ‘सातरा’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या मराठीला ओळखीचा नाही. बोटांची आग शमवायला घरी काय लावतात, हेही पुस्तकात सहसा सापडत नाही. संग्रहालयाने उचलायचं ते हे. नुसती सुपं आणि पाट्या मांडून भागणार नाही.

शाळेकडे त्यासाठीचं साधन आधीपासून आहे: दाखलखारीज रजिस्टर. मूल कुणाचंही असो, त्याचं नाव, वडलांचं नाव, गाव आणि जन्मतारीख लिहिल्याशिवाय त्याला वर्गात घेत नसत. उद्या त्याच खोलीत किकरी आली, दंडारीचा घुंगरू आला, सातऱ्यावरचं गाणं ध्वनिमुद्रित होऊन आलं, तर रकाने तेच राहतील. फक्त दोन वाढवावे लागतील. कुणाच्या हातचं, आणि कुणाच्या तोंडचं.