घोंगडी : मेंढीच्या पाठीवरून माणसाच्या खांद्यावर

पिंपरी पेंढार हे कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावरचे जुन्नर तालुक्यातील गाव. पूर्वेस पारनेरचा कोरडवाहू मुलूख, पश्चिमेस माळशेज घाट. पारनेरच्या ढवळपुरीचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. वाटेत ज्याच्या रानात मेंढ्या बसतात, त्याला लेंडीखत मिळते आणि धनगराला धान्य वा पैसा.

या मेंढीच्या पाठीवर एक संपूर्ण वस्त्र वाढत असते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, काळी वा पांढरी. रंगाची गरजच नाही. वर्षातून दोनदा ती कातरायची, पिंजायची. मग बायकांनी चरख्यावर तिचे सूत काढायचे. पुढचे काम सणगराचे. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ लावून तो घोंगडी विणतो. तिला शिंपी लागत नाही. पावसात खोळ, रात्री अंथरूण, थंडीत पांघरूण! नाताळच्या गोठ्यातील मेंढपाळांच्या खांद्यावर आपण रंगीत चिंध्या टाकतो. तेथे खरे तर घोंगडीच शोभली असती.

वस्त्राचा इतिहास मात्र सुताचाच अधिक लिहिला गेला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात वर्ष ४२ चा लेख कोरविला. त्यात कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. वर्षाचे व्याज २४०. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. त्याच नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख जुन्नरला आहे. घोंगडी विणणाऱ्याच्या वाट्याला असा दगड आला नाही.

घोंगडीची साखळी मागापाशी तुटली, असे आपण समजतो. आमच्या मते ती मेंढीपाशीच तुटली. गिरणीची ब्लँकेटे स्वस्त झाली, लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही आणि मांसाला भाव आला. मग जतकडील माडग्याळ मेंढी कळपांत शिरली. ती अंगाने थोर, पण लोकर नावापुरती. दख्खनी मेंढी ज्यांनी राखली, त्यांनाही उन्हाळ्यापूर्वी ती कातरावीच लागते. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक पडते, आणि कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर तशीच बांधावर टाकून कळप पुढे निघतो.