नभोवाणी प्रसारण, भारतातील

भारतात नभोवाणी सुरू केली ती हौशी मंडळींनी. पुढे एका खासगी कंपनीने ती चालवून पाहिली, कंपनी बुडाल्यावर १९३० मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि त्यानंतरची सत्तर वर्षे ती जवळजवळ संपूर्णपणे सरकारच्याच हाती राहिली. या काळात प्रक्षेपकांचे जाळे खेडोपाडी पोहोचले. मात्र त्यावरून कोणी काय बोलायचे हे बहुतांशी दिल्लीतच ठरत राहिले.

आरंभ : जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने पहिले कार्यक्रम प्रक्षेपित केले. मद्रासच्या क्लबने पुढच्याच वर्षी तोच उद्योग आरंभला. १९२७ मध्ये पैशाअभावी तो थांबला. त्याच वर्षी २३ जुलै रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांनी केले, तर ऑगस्टमध्ये कलकत्ता केंद्र सुरू झाले. दोन्ही प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॉटचे असल्याने शहर आणि त्याची वेस ओलांडली की आवाज विरत असे. कंपनीची भिस्त परवाना शुल्कावर होती : वर्षाला दहा रुपये, त्यांतले आठ कंपनीचे. १९२९ अखेर साऱ्या देशात परवानाधारक आठ हजारसुद्धा नव्हते. १ मार्च १९३० रोजी कंपनीने गाशा गुंडाळला. एप्रिलपासून सरकारने केंद्रे प्रायोगिक तत्त्वावर चालवायला घेतली, पुढच्या वर्षी काटकसरीपायी ती बंद करण्याचे ठरवले आणि लोकांनी ओरड केल्यावर निर्णय फिरवला.

१९३५ मध्ये बीबीसीतून आलेले लायनेल फील्डन पहिले प्रसारण नियंत्रक झाले. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. ‘आकाशवाणी’ हे नाव मात्र म्हैसूरचे. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या केंद्राचे ते नाव पुढे पन्नाशीच्या दशकात सरकारने उचलले.

सरकारी मक्तेदारीला पहिले उघड आव्हान मुंबईतून मिळाले. ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र चालवले. पोलिसांचा ससेमिरा चुकवत जागा बदलत बदलत ते १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले जाईपर्यंत चालू होते.

स्वातंत्र्यानंतर : फाळणीनंतर भारताकडे दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ ही सहा केंद्रे उरली. त्यांचा आवाज जेमतेम ११ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत होता. संस्थानी केंद्रे नंतर सामील झाली. त्यांत निजामाच्या राज्यातले औरंगाबादही होते. नागपूर केंद्र १९४८ मध्ये, तर पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला प्रसारित झालेल्या ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’च्या वेळी लोक रेडिओला हार घालून बसत.

पुण्याचा प्रयोग : विकासाच्या कामी नभोवाणी वापरण्याचा देशातला सर्वांत काटेकोर प्रयोग फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात पुणे केंद्राच्या टापूत झाला. कल्पना कॅनडातील शेतकरी श्रोतृमंडळांची, मदत युनेस्कोची, पुढाकार आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडली. दर गावात वीसेक जणांचे मंडळ, एक अध्यक्ष आणि एक लिहिता-वाचता संयोजक. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि ऐकलेले आपल्या गावात कितपत लागू पडते यावर बोलायचे. उरलेल्या शंका संयोजक टपालाने पुण्याला पाठवी आणि त्यांची उत्तरे पुढच्या एखाद्या कार्यक्रमात मिळत. ज्याने पत्र धाडले त्याला आपल्या प्रश्नाचे उत्तर रेडिओवर ऐकायला मिळणे, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. पॉल न्यूराथ यांनी मंडळे असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली अशी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली. मंडळांच्या गावी माहितीत लक्षणीय भर पडली, निरक्षरांच्याही. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य निघाली. संच वाटले की विकास होतो, हा सरकारी समज या एका तुलनेने खोडून काढला. १९५९ पासून ही मंडळे देशभर नेण्यात आली आणि त्यांची संख्या हजारोंवर गेली. पण पुण्यात जी देखरेख होती ती इतरत्र राहिली नाही. पत्रे अनुत्तरित राहू लागली, उतरलेल्या बॅटऱ्या बदलायला कोणी फिरकेना, आणि बरीच मंडळे कागदावरच उरली. तरी शेतीप्रसारणाचे यश नाकारता येत नाही. साठीच्या दशकात तमिळनाडूत तंजावरचे शेतकरी एडीटी-२७ या भाताच्या वाणाला ‘रेडिओ भात’च म्हणत, कारण त्याची माहिती त्यांना तिरुचिरापल्ली केंद्रावरून मिळाली होती.

करमणुकीचा तंटा : १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बा. वि. केसकर यांनी शास्त्रीय संगीताला मोठा आश्रय दिला. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन हे त्यांच्याच काळातले. त्याच वेळी त्यांनी चित्रपटगीतांना कात्री लावली. श्रोत्यांनी रेडिओ बंद केला नाही, काटा कोलंबोकडे फिरवला. रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली. ती मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन विमानाने कोलंबोला जाई. लोकांना सुधारण्याचा हा हट्ट पाच वर्षांत सरकारच्याच अंगलट आला आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. तिच्यावर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि प्रथम मुंबई, नागपूर व पुणे या केंद्रांवरून. दरम्यान ट्रान्झिस्टर आला. वीज नसलेल्या वस्तीतही गडी बांधावर संच ठेवून गाणी ऐकू लागला. चावडीवरच्या सामुदायिक संचाची गरज सरली.

मक्तेदारीचा शेवट : सरकारने नेमलेल्या चंदा समितीने १९६६ मध्ये आकाशवाणीच्या स्वायत्ततेची शिफारस केली, ती बासनात गेली. आणीबाणीत आकाशवाणी उघड उघड सरकारचा कर्णा बनली. प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाचा कायदा १९९० मध्ये झाला, पण अमलात यायला १९९७ उजाडले. तत्पूर्वी, फेब्रुवारी १९९५ मध्ये, प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. पहिले खासगी एफएम केंद्र जुलै २००१ मध्ये बंगळूरला सुरू झाले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक केंद्रे काढण्याची मुभा मिळाली; सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे २००८ मधले केंद्र त्यातलेच.

बातम्यांवरचे बंधन मात्र या सुधारणांनी सुटले नाही. २०११ च्या धोरणानुसार खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी सहक्षेपित करण्यापुरतीच त्यांना परवानगी आहे.