मेंडोटाच्या तळाचे पाणी

काचेच्या बाटलीत तळ्याचे पाणी काठोकाठ भरायचे, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग त्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कली घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. लायोश विंक्लरने १८८८ मध्ये दिलेली ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड बर्ज आणि चान्सी ज्युडे यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर नेली.

मॅडिसन शहराला लागून असलेले मेंडोटा सरोवर जेमतेम २५ मीटर खोल. उन्हाळ्यात त्याचे वरचे पाणी तापून हलके होते, खालचे गार आणि जड राहते, आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. मेलेले शैवाल तळाशी जाते, जिवाणू ते कुजवतात आणि त्यात तिथला प्राणवायू संपतो. बर्ज याला तळ्याचे श्वसन म्हणे. पुढे पाचशेहून अधिक तळ्यांचे पाणी तपासून या दोघांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की, पाण्यात तरंगणाऱ्या सेंद्रिय कणांपेक्षा विरघळलेले सेंद्रिय द्रव्य कैक पटींनी जास्त असते.

या द्रव्याचा आणि प्राणवायूचा संबंध उलगडायला गाळाकडेच वळावे लागले. इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातल्या एस्थवेट वॉटरवर क्लिफर्ड मॉर्टिमर काम करत होता. गाळ आणि पाणी टाक्यांत घेऊन एकीला त्याने हवा मिळू दिली, दुसरीची तोडली. हवेतल्या गाळावर गंजलेल्या लोहाचा तपकिरी थर टिकला. दुसऱ्या टाकीत तो विरघळला आणि त्याने धरून ठेवलेले फॉस्फेट पाण्यात उतरले. त्याचे निबंध १९४१-४२ मध्ये, ऐन युद्धाच्या धामधुमीत छापले गेले. सरोवरांच्या अभ्यासात इतके पायाभूत काम क्वचितच झाले असेल.

कारण लोहाची ही पकड फॉस्फेटपुरती नसते. कुजलेल्या वनस्पतींची ह्युमिक द्रव्येही त्याला चिकटून बसतात आणि लोह विरघळले की तीही सुटतात. शिवाय प्राणवायूविना कुजणे संथ आणि अर्धवट होते, त्यामुळे सेंद्रिय आम्लांसारखे मधल्या टप्प्यातले पदार्थ साचत जातात. शरद ऋतूत पाणी ढवळून प्राणवायू परतला की लोह पुन्हा गंजते आणि या द्रव्याचा काही भाग ओढून तळाशी नेते.

व्हर्जिनियातल्या फॉलिंग क्रीक जलाशयात हे अख्ख्या जलाशयाच्या मापाने तपासले गेले. तळाला प्राणवायू पुरवणारी यंत्रणा संशोधकांनी कधी चालू, कधी बंद ठेवली. प्राणवायू नसताना तळाच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन वाढला, नायट्रोजन आणि फॉस्फरसही वाढले. हे पिण्याचे पाणी आहे. त्यात क्लोरीन पडते तेव्हा याच सेंद्रिय द्रव्यापासून क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगे तयार होतात.